सीनवरचे पूल आणि झारचं कर्जखातं

पॅरिस ऑलिंपिकचं उद्घाटन आम्ही सांगलीत टीव्हीवर पाहिलं. २६ जुलै २०२४ ची रात्र, तिकडे धो धो पाऊस, आणि भिजलेले खेळाडू सीन नदीत बोटींतून हात हलवत चाललेले. हिचं लक्ष भारताची बोट कधी येते याकडे, माझं पुलांकडे. बोटी सुटल्या त्या ऑस्टरलित्झ पुलापासून. १८०५ साली नेपोलियनने रशिया आणि ऑस्ट्रिया या दोघांना एकाच दिवसात लोळवलं, त्या लढाईचं नाव या पुलाला आहे. पुढे बोटी अलेक्झांडर तिसरा पुलाखालून गेल्या, हा रशियाचा झार. मग आल्मा पूल: क्रिमियातली नदी, तिच्या काठी १८५४ मध्ये फ्रेंच आणि इंग्रज मिळून रशियाशी लढले. म्हणजे पराभव, मैत्री आणि पुन्हा लढाई, सगळं एका नदीवर. आणि या सगळ्या मिरवणुकीत रशियाची बोट मात्र नव्हती. युक्रेनच्या युद्धामुळे त्यांचे मोजके खेळाडू ‘तटस्थ’ म्हणून खेळले, त्यांना संचलनात जागा नव्हती.

मी इतिहासाचा माणूस नाही. उभी नोकरी सहकारी बँकेत, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. त्यामुळे दोन देशांची मैत्री झाली असं वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, तारण काय होतं? युरोपच्या इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रश्न कुठेतरी तळटीपेत असतो. मला वाटतं, फ्रान्स आणि रशियाच्या बाबतीत तो पहिल्या पानावर हवा.

लेक राहते पॅरिसच्या एकोणिसाव्या विभागात. मेट्रोची सात नंबरची लाइन. तिच्या घराजवळचं स्टेशन ‘क्रिमे’, म्हणजे क्रिमिया. शहरातून परतताना आधी ‘स्टालिनग्राड’ लागतं, मग एक स्टेशन सोडून क्रिमिया. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी जावयांना म्हटलं, अहो, एका ठिकाणी यांनी रशियाला हरवलं म्हणून नाव, दुसऱ्या ठिकाणी रशिया जिंकला म्हणून नाव, आणि मध्ये जेमतेम दोन-तीन मिनिटं! ते म्हणाले, “बाबा, इथे कुणी असं वाचत नाही. लोक फक्त उतरतात.” बरोबर आहे. आपण तरी सांगलीत गणपती पेठेतून जाताना काय वाचतो?

तर सुरुवात ऑस्टरलित्झपासून. ती थोडक्यात उरकतो, कारण नेपोलियनवर लिहिणारे पुष्कळ आहेत. १८०५ ला हरवलं, १८०७ ला पुन्हा हरवलं, आणि मग त्याच वर्षी २५ जूनला नीमन नदीच्या मधोमध बांधलेल्या तराफ्यावर नेपोलियन आणि झार अलेक्झांडर पहिला गळ्यात गळे घालून भेटले. टिलसिटचा तह झाला. कालचे वैरी आज इंग्लंडविरुद्ध भागीदार. पाच वर्षांत भागीदारी मोडली. १८१२ मध्ये नेपोलियन सहा लाखांच्या घरातली फौज घेऊन रशियात शिरला आणि तिची वाताहत झाली. ३१ मार्च १८१४ ला तोच अलेक्झांडर घोड्यावरून पॅरिसमध्ये आला, आणि आज जिथे पर्यटक फोटो काढतात त्या शाँझेलिझेवर त्याच्या कोसॅक घोडेस्वारांनी तळ ठोकले. एक गोष्ट सांगतात, खरीखोटी देव जाणे: ऑस्टरलित्झ पुलाचं नाव बदलायचं का, असं झारला विचारलं, तर तो म्हणाला, माझं सैन्य त्यावरून गेलं एवढं पुरे. मला ही गोष्ट आवडते. वसुली झाल्यावर कागद फाडायची गरज नसते.

क्रिमियाचं युद्ध मात्र जरा निवांत बघण्यासारखं आहे. बेथलेहेमच्या चर्चच्या किल्ल्या कॅथलिक पाद्र्यांकडे असाव्यात की ऑर्थोडॉक्स, यावरून वाद सुरू झाला. पवित्र स्थळं तुर्कांच्या राज्यात. एका बाजूने फ्रान्सचा तिसरा नेपोलियन, दुसऱ्या बाजूने झार निकोलाय पहिला, दोघेही सुलतानाला दमात घ्यायला लागले. किल्ल्या हे निमित्त होतं. खरा प्रश्न तुर्की साम्राज्य खचलं तर काळा समुद्र आणि तिथून बाहेर पडायची वाट कोणाच्या ताब्यात जाणार, हा होता. मार्च १८५४ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कांच्या बाजूने उतरले. हे दोघे एकमेकांचे शतकानुशतकांचे वैरी, वॉटर्लू होऊन चाळीस वर्षंही झाली नव्हती.

निकोलायला सगळ्यात लागलं ते ऑस्ट्रियाचं वागणं. १८४९ मध्ये हंगेरीतल्या बंडापुढे ऑस्ट्रियाचा तरुण सम्राट फ्रान्झ जोझेफ हतबल झाला होता, तेव्हा याच झारने स्वतःचं सैन्य पाठवून त्याचं राज्य वाचवलं. बदल्यात जमीन घेतली नाही, पैसा घेतला नाही. पाच वर्षांनी ऑस्ट्रियाने त्यालाच निर्वाणीचा खलिता धाडला: डॅन्यूबकाठचे प्रांत खाली करा. झारने ते खाली केले, आणि ऑस्ट्रियाने आपलं सैन्य तिथे घुसवलं. विनातारण, विनाकागद दिलेल्या मदतीचं असंच होतं. १८५५ च्या मार्चमध्ये निकोलाय वारला. रशिया आणि ऑस्ट्रियामधली ती गाठ पुन्हा नीट कधी बसली नाही, आणि १९१४ पर्यंतचं बरंचसं राजकारण त्या एका दुखण्यावर हललं.

या युद्धाचा एक धागा आपल्याकडेही येतो. दुसऱ्या बाजीरावांना इंग्रजांचं वर्षाला आठ लाखांचं पेन्शन होतं. १८५१ मध्ये ते ब्रह्मावर्तात वारले, कंपनीने पेन्शन बंद केलं, आणि दत्तकपुत्र नानासाहेबांनी दाद मागायला अझीमुल्ला खान यांना लंडनला पाठवलं. तिथे नकार मिळाला. परतीच्या वाटेवर १८५५ मध्ये अझीमुल्ला मुद्दाम वाट वाकडी करून क्रिमियात गेले, सेव्हास्तोपोलचा वेढा बघायला. ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम रसेल याला ते तिथे भेटले, त्याने ते लिहून ठेवलं आहे. त्या उन्हाळ्यात सेव्हास्तोपोलवर चालून गेलेल्या इंग्रजांना रशियनांनी मार देऊन मागे परतवलं होतं. अजिंक्य म्हणवणारा साहेब थकलेला, रोगाने पोखरलेला दिसतो, हे नानासाहेबांच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दोन वर्षांनी कानपूर पेटलं. नामंजूर झालेल्या पेन्शनच्या अर्जाचा प्रवास कुठून कुठे होतो बघा. मी पेन्शनर आहे म्हणून मला हे जास्त भावतं असं ही म्हणते.

आल्मा पुलाशी आता एकच दगडी शिपाई उरलाय. पूर्वी चार होते, क्रिमियात लढलेल्या चार पलटणींचे. १९७० च्या दशकात पूल नव्याने बांधला तेव्हा एवढा एक जुआव्ह, म्हणजे त्यातल्या एका पलटणीचा शिपाई, तिथे राहिला. पॅरिसवाले त्याच्यावरून पूर मोजतात. पाणी त्याच्या पावलांना लागलं की काळजी सुरू. १९१० च्या पुरात ते खांद्यापर्यंत चढलं होतं. आम्ही गेलो तेव्हा नदी शांत होती, तो कमरेवर हात ठेवून उभा. रशियाशी लढलेला शिपाई आता आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पातळीपट्टीचं काम करतोय हे पाहून कृष्णाकाठच्या माणसाला गंमत वाटणारच.

१८५६ च्या मार्चमध्ये तह झाला तोही पॅरिसमध्येच. काळ्या समुद्रात रशियाने युद्धनौका ठेवायच्या नाहीत, अशी अट पडली. एवढी अपमानकारक अट घातल्यावर हे दोघे कधी एकत्र येतील असं कुणाला वाटलं नसणार. मध्ये थोडी गोडीगुलाबी झाली, पण १८६३ च्या पोलिश उठावात फ्रान्सची सहानुभूती पोलिशांकडे गेली आणि सगळं विस्कटलं. १८६७ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा पॅरिसचं जागतिक प्रदर्शन बघायला आला, तर एका पोलिश तरुणाने त्याच्यावर गोळी झाडली. नेम चुकला. आणि १८७० मध्ये प्रशियाने फ्रान्सला चिरडलं तेव्हा रशिया हाताची घडी घालून बसला. नुसता बसला नाही, त्या गडबडीत काळ्या समुद्राची अट आपण मानत नाही असं जाहीर करून मोकळा झाला. प्रशियाचा मुख्य मंत्री बिस्मार्क, पुढे एकत्र जर्मनीचा चान्सेलर, याने मान डोलावली.

इथून गोष्ट माझ्या खात्यात येते.

बिस्मार्कचं पुढचं सगळं आयुष्य एका काळजीत गेलं: फ्रान्स आणि रशिया एकत्र येता कामा नयेत. आले तर जर्मनी दोन्हीकडून कात्रीत. म्हणून त्याने तीन सम्राटांची युती जमवली, ती मोडली, पुन्हा जमवली, आणि ऑस्ट्रिया-रशियाचं बाल्कनमध्ये काही केल्या जुळेना म्हटल्यावर जून १८८७ मध्ये रशियाशी वेगळा गुप्त करार केला. ऑस्ट्रियाला पत्ता लागू न देता. राजकारण म्हणून हे अफाट होतं.

पण त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने एक हुकूम काढला. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे राइशबँकेने, रशियन सरकारी रोखे यापुढे तारण म्हणून स्वीकारू नयेत. झार अलेक्झांडर तिसरा त्याच महिन्यात बर्लिनला येणार होता, त्याच्या तोंडावर! कारणं होती. जर्मन जमीनदारांना स्वस्त रशियन गहू-राय नको होती म्हणून जकात वाढवली होती. रशियाने उलट आपल्या पश्चिम प्रांतांत परदेशी लोकांच्या जमीनमालकीवर बंदी घातली. मग जर्मनीने पैशाची नाडी आवळली. बिस्मार्कचा हिशोब साधा असावा: जरा दम दिला की येतील वठणीवर.

कर्ज विभागात बसलेल्या कुणालाही विचारा, या हुकमाचा अर्थ काय. रोखा तोच, कर्जदार तोच, व्याज वेळेवर येतंय, पण मोठी बँक ‘हे तारण चालणार नाही’ म्हणाली की बाजार समजायचं ते समजतो. बर्लिनमध्ये लोकांनी रशियन रोखे विकायला काढले. भाव पडला. आणि पडल्या भावाने ते उचलायला पॅरिस बसलंच होतं. फ्रान्समध्ये बचतीचा पैसा अमाप. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, विधवा बायका, सगळे रोखे घेणारे. १८८८ च्या अखेरीस पॅरिसमध्ये रशियाचं ५० कोटी फ्रँकचं कर्ज उभं राहिलं, ४ टक्क्यांनी. मग एकामागून एक कर्जं.

तारखा लक्षात घ्या, माझं म्हणणं सगळं तारखांतच आहे. कर्ज १८८८. बिस्मार्क गेला मार्च १८९० मध्ये, आणि त्याच्या वारसांनी रशियाशी असलेला गुप्त करार वाढवला नाही. फ्रेंच आरमार रशियाच्या क्रॉनश्टाट बंदरात पाहुणचाराला गेलं जुलै १८९१ मध्ये. लष्करी करारावर सह्या ऑगस्ट १८९२ मध्ये, आणि तो पक्का झाला जानेवारी १८९४ मध्ये. म्हणजे खातं आधी उघडलं, सोयरीक मागून. शाळेच्या पुस्तकात उलटं वाटावं अशी मांडणी असते: मित्र झाले, मग पैसे दिले.

क्रॉनश्टाटचा प्रसंग डोळ्यांपुढे आणण्यासारखा आहे. अलेक्झांडर तिसरा म्हणजे धिप्पाड, हेकट, लोकशाहीचा उभा वैरी. बाप बाँबने मारला गेलेला. राजाचं डोकं उडवणाऱ्या क्रांतीचं गाणं ‘मार्सेयेज’ त्याच्या राज्यात गायलं तर तुरुंग. आणि फ्रेंच पाहुण्यांच्या मानासाठी ते गाणं वाजलं तेव्हा हा झार डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. आमच्याकडे कर्जाच्या गरजेपोटी चेअरमनच्या नातवाच्या बारशाला आलेले उद्योजक मी पाहिलेत, त्यामुळे मला आश्चर्य वाटत नाही.

करारात होतं काय? जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केला, किंवा जर्मनीच्या पाठबळावर इटलीने केला, तर रशियाने जर्मनीवर चालून जायचं. उलट्या बाजूनेही तसंच. फ्रान्स १३ लाख माणसं देणार, रशिया ७ ते ८ लाख. आणि सगळं गुप्त. फ्रान्समध्ये लोकशाही, पण लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला मजकूर ठाऊक नाही. लोकांना दिसत होती ती फक्त आरमारांची ये-जा, झेंडे, मेजवान्या.

आणि पूल. अलेक्झांडर तिसरा १८९४ च्या नोव्हेंबरात वारला, तोही कुठे, तर क्रिमियात, लिवादियाला. ७ ऑक्टोबर १८९६ ला त्याचा मुलगा निकोलाय दुसरा याने पॅरिसमध्ये बापाच्या नावाच्या पुलाचा पाया घातला. १९०० च्या जागतिक प्रदर्शनाला पूल खुला झाला. शंभर मीटरच्या वर लांबीची एकच पोलादी कमान, तीही मुद्दाम बसकी ठेवलेली, पलीकडचा देखावा झाकू नये म्हणून. चार कोपऱ्यांना उंच खांब, वर सोन्याचा मुलामा दिलेले पंखांचे घोडे. कमानीच्या मधोमध एका अंगाला सीन नदीच्या जलपऱ्या, दुसऱ्या अंगाला नेव्हा नदीच्या, त्यांच्यापाशी रशियाचं राजचिन्ह. परतफेड म्हणून पीटर्सबर्गला नेव्हावर ट्रॉइत्स्की पूल झाला. त्याचा पाया घालायला १८९७ मध्ये फ्रान्सचा अध्यक्ष गेला, आणि बांधायचं काम मिळालं फ्रेंच कंपनीला. पैसा फिरून कुठे येतो ते कर्ज देणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

नदीकाठी कठड्यावर हिरव्या पेट्यांतून जुनी पुस्तकं विकणारे बसतात. तिथे एका पेटीत, जुन्या जाहिरातींच्या आणि आयफेल टॉवरच्या चित्रांच्या मध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला रशियन रोखा मिळाला. थाळीपीठाच्या परातीएवढा कागद. वर दुतोंडी गरुड, भोवती नक्षी, मजकूर रशियन आणि फ्रेंचसह तीन-चार भाषांत. ४ टक्क्यांचं सुवर्णकर्ज, १२५ सोन्याचे रूबल, म्हणजे ५०० फ्रँक. खाली कुपनांचं पान, दर तिमाहीला १ रूबल २५ कोपेक. बघा, हिशोब बरोबर: वर्षाला ५ रूबल, १२५ वर ४ टक्के. वरच्या ओळींतली कुपनं कात्रीने सरळ कापून नेलेली. कुणीतरी दर तीन महिन्यांनी बँकेच्या खिडकीशी जात असणार. मग एका ओळीपासून पुढे एकही कापलेलं नाही. विकणारा म्हणाला, लोक फ्रेम करून न्हाणीघरात लावतात. लेकीने घासाघीस करून घेऊन दिला. हिचं मत, एवढ्यात चांगली ओढणी आली असती.

पहिल्या महायुद्धाआधी फ्रान्सच्या परदेशांतल्या एकूण गुंतवणुकीचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या रशियात होता. रोखे बाळगणारी माणसं पंधरा लाखांच्या आसपास. एवढा पैसा एका कर्जदाराकडे! आमच्या बँकेत एका खात्याला किती टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायचं याची मर्यादा असते आणि तपासनीस पहिल्यांदा तेच पान उघडतो. पण तपासनिसालाच पाकीट मिळालं तर? आर्थर राफालोविच नावाचे रशियन अर्थखात्याचे गृहस्थ पॅरिसमध्ये बसून फ्रेंच वर्तमानपत्रांना पैसे वाटत होते. रशियाची पिकं उत्तम, रेल्वे जोरात, झार लोकप्रिय, असं छापून यावं म्हणून. त्यांची पत्रं पुढे १९२३-२४ मध्ये ‘ल्युमानिते’ या फ्रेंच कम्युनिस्ट वर्तमानपत्राने छापली तेव्हा अब्रूचं खोबरं झालं.

१९०५ चं साल घ्या. जपानने रशियाला हरवलंय, पीटर्सबर्गच्या रस्त्यावर मोर्च्यांवर गोळीबार झालाय, संप, बंडं. अशात जुलैमध्ये फिनलंडच्या आखातात जर्मन कैसर विल्हेल्म आपली नौका घेऊन झारला भेटला. दोघे मावस-चुलत नात्यातले. कैसरने खिशातून कराराचा मसुदा काढला आणि निकोलायने बोटीवरच सही ठोकली: रशिया आणि जर्मनी एकमेकांचे पाठीराखे! परराष्ट्रमंत्री लाम्सडॉर्फ यांना हे कळलं तेव्हा त्यांना घाम फुटला असेल. फ्रान्सशी केलेल्या कराराच्या हा सरळ विरोधात. त्यांनी आणि माजी अर्थमंत्री विट्टे यांनी मिळून झारला समजावलं आणि तो कागद फडताळात गेला. तत्त्व वगैरे असेलही, पण खजिना रिकामा होता आणि पुढचा हप्ता फक्त पॅरिसमध्ये मिळणार होता. १९०६ च्या एप्रिलमध्ये तो मिळाला. २२५ कोटी फ्रँकचं कर्ज, त्यातले १२० कोटी फ्रान्सचे. त्याआधी मोरोक्कोच्या प्रश्नावरच्या परिषदेत रशियाने इमानेइतबारे फ्रान्सची बाजू घेतली होती.

आता गंमत अशी की सावकाराला सावध केलं गेलं होतं. डिसेंबर १९०५ मध्ये पीटर्सबर्गच्या कामगार सोव्हिएटने आणि इतर क्रांतिकारी पक्षांनी जाहीरनामा काढून सांगितलं होतं की जनतेविरुद्ध लढत असलेल्या झारने घेतलेली कर्जं फेडू देणार नाही. छापील, जाहीर, तारखेसकट. तरीही पैसा गेला. का गेला? माझ्या नोकरीत एक साखर कारखाना होता. जुन्या कर्जाचं व्याज भरायला नवं कर्ज, असं वर्षानुवर्षं. प्रत्येक वेळी संचालक मंडळात कुणीतरी म्हणायचं, आता दिलं नाही तर आधीचंही बुडेल. फ्रान्सचं नेमकं तेच झालं होतं. त्यात भर म्हणजे कर्जदाराचं सैन्य हीच सुरक्षिततेची हमी. रशियाच्या पश्चिम सीमेकडे रेल्वे लवकर बांधून व्हावी, कारण युद्ध पेटलं तर रशियन फौजा जर्मनीच्या दारात वेळेवर पोचायला हव्यात, म्हणून फ्रेंच लष्कर त्या रुळांच्या मागे लागलेलं असे.

इंग्लंडचं रशियाशी १९०७ मध्ये जुळलं, ते हिंदुस्थानच्या काळजीने. इराण, अफगाणिस्तान, तिबेट यांत कुणाचा हात कुठवर, एवढं ठरलं. ऐंशी-नव्वद वर्षं साहेबाने आपल्याला ‘रशियन अस्वल खैबरातून येणार’ म्हणून भीती घातली, त्या भीतीवर लष्करी खर्च चढवला, तो आपल्याच महसुलातून. आणि एका सहीनिशी अस्वल दोस्त झालं. खर्च काही कमी झाला नाही.

१९१४ मध्ये फ्रान्सला त्याच्या पैशाचं मोल मिळालं, हे कबूल करायला हवं. जमवाजमव पुरी व्हायच्या आतच, फ्रेंचांच्या तगाद्यावर, रशियाने पूर्व प्रशियात सैन्य घातलं. घाबरून जर्मनीने पश्चिमेकडच्या दोन कोअर (सैन्याचे मोठे विभाग) पूर्वेला हलवल्या. त्या पोचेपर्यंत ऑगस्टअखेरीस टॅननबर्गला रशियाची एक अख्खी आर्मी संपलेली होती. पण मार्नच्या काठी पॅरिसच्या तोंडाशी लढाई झाली तेव्हा जर्मनांकडे त्या दोन कोअर नव्हत्या. इतकं व्याज कुठल्या रोख्यावर छापलेलं नसतं. १९१६ मध्ये तर रशियन पलटणी समुद्रमार्गे मार्सेला उतरून फ्रान्समध्ये लढल्या. घरी क्रांती झाल्यावर त्यांतल्या काहींनी ला कुर्तीनच्या छावणीत बंड केलं, ते तोफा लावून मोडलं.

१९१८ च्या सुरुवातीला बोल्शेविकांनी झारची सगळी परदेशी कर्जं रद्द केली. मार्चमध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कला जर्मनीशी वेगळा तह केला. मित्रही गेला आणि मुद्दलही. माझ्या रोख्यावरची कुपनं त्याच सुमाराला कापायची थांबली असणार.

पुढचं भरभर सांगतो, कारण चाल तीच आहे. १९३५ मध्ये हिटलरच्या भीतीने फ्रान्स-सोव्हिएट करार. १९३८ मध्ये म्युनिचला मॉस्कोला न बोलावताच चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून दिला. ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिनने हिटलरशीच हातमिळवणी केली. डिसेंबर १९४४ मध्ये फ्रान्सचे नेते द गॉल मॉस्कोला जाऊन नवा करार करून आले, तो १९५५ मध्ये मॉस्कोने रद्द केला, कारण पश्चिम जर्मनी नाटोत आला. १९६६ मध्ये द गॉल पुन्हा मॉस्कोला, त्याच वर्षी फ्रान्स नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर. या प्रत्येक वळणावर जुनं थकीत खातं टेबलाच्या खणात पडूनच होतं.

ते निघालं १९९६ मध्ये. सोव्हिएट संघ संपलेला, रशियाला पश्चिमेच्या बाजारात पुन्हा रोखे विकायचे होते, आणि जुना डिफॉल्टर म्हणून नाव लागलेलं परवडणारं नव्हतं. ४० कोटी डॉलरवर तडजोड झाली. आम्ही याला ‘एकरकमी परतफेड’ म्हणतो, व्याज माफ, मुद्दलातही मोठी सूट. फ्रेंच सरकारने रोखे घेऊन या म्हटल्यावर तीन लाखांहून जास्त लोक माळ्यावरच्या ट्रंका उघडून आले. हातात पडलं ते चणेफुटाणे. काही संघटनांनी तडजोड मान्यच केली नाही, आमचा करार झारच्या राज्याशी, तुमचा एकमेकांशी, असं म्हणत त्या अजून भांडतात. अशी माणसं मला प्रत्येक वार्षिक सभेत भेटली आहेत आणि मनातून मी नेहमी त्यांच्या बाजूचा होतो.

आणि तरी फ्रान्सने पुन्हा व्यवहार केलाच. २०११ मध्ये रशियाला मिस्त्राल जातीची दोन लष्करी जहाजं बांधून द्यायचा करार झाला, साँ-नाझेरच्या गोदीत. एकाचं नाव व्लादिवोस्तोक, दुसऱ्याचं सेव्हास्तोपोल. ज्या बंदरावरचा विजय म्हणून पॅरिसमध्ये भलामोठा रस्ता आहे, त्याच बंदराच्या नावाचं जहाज फ्रेंच कामगार रशियासाठी बांधत होते! २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. २०१५ मध्ये करार रद्द, साधारण ९५ कोटी युरो परत, आणि दोन्ही जहाजं इजिप्तला विकली. सेव्हास्तोपोलचं नाव झालं अन्वर सादात, ज्यांनी १९७२ मध्ये सोव्हिएट सल्लागारांना इजिप्तमधून हाकललं होतं. हे योगायोग कुणी मुद्दाम जुळवले असते तर बनावट वाटले असते.

आता २०२२ पासून बाजू फिरली आहे. रशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या सुमारे २०० अब्ज युरोंच्या ठेवी युरोपात गोठवलेल्या आहेत, त्यातला बहुतेक भाग ब्रसेल्सच्या युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेत. शंभर वर्षांपूर्वी रशिया थकबाकीदार होता, आज ठेवीदार आहे आणि पैसा मिळत नाही म्हणून तोच बोंबलतोय. त्या पैशावरचा नफा दाखवून जी-७ देशांनी २०२४ मध्ये युक्रेनला ५० अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. परवा व्हिडिओ कॉलवर जावयांनी विचारलं, “बाबा, बँकवाले म्हणून तुम्हाला हे कसं वाटतं?” मी म्हटलं, कर्जाच्या प्रस्तावात एक रकाना असतो, परतफेडीचा स्रोत. युक्रेनच्या फायलीत त्या रकान्यात रशियाच्या ठेवीवरचा नफा लिहिलाय. उद्या समेट झाला आणि रशियाने ठेव मागितली तर या रकान्यात काय लिहिणार? ते म्हणाले, विचारतो इथे कुणाला. अजून काही कळवलेलं नाही.